नंबर लागेपर्यंत पोटातला गोळा

२०२५ च्या जूनमधली गोष्ट आहे. पावसाला सुरुवात झाली होती आणि दवाखान्यात नेहमीप्रमाणे ताप, खोकला, जुलाबाचे पेशंट होते. त्या गर्दीत एक बाई अठरा वर्षांच्या मुलाला घेऊन आल्या. सोबत मुलाचे वडील. तक्रार अशी की पंधरा दिवसांपासून मुलाच्या पोटात दुखते, सकाळी उठल्याबरोबर मळमळते, दोन-तीनदा शौचाला जावे लागते आणि पानावर बसला की दोन घासांत उठतो. वजन अडीच किलोने उतरले होते. बाहेरगावी सोनोग्राफी झाली होती, रक्त-लघवी तपासून झाली होती, जंताचे औषधही देऊन झाले होते. सगळे रिपोर्ट नॉर्मल.

(कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. हे सर्व लिहायला त्यांची परवानगी आहे.)

मी पोट तपासले. कुठे गाठ नाही, उजव्या बाजूला दाबल्यावर दुखत नाही, डोळे पिवळे नाहीत. मग विचारले, "रविवारी पण दुखतं का रे?" मुलगा म्हणाला, "काका, रविवार असो की सोमवार, फेरीच्या आदल्या दिवशी जास्त दुखतं."

फेरी म्हणजे आयआयटीच्या प्रवेशाची फेरी. ज्यांच्या घरात कोणी या वाटेने गेलेले नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आयआयटीत प्रवेशासाठी जेईई ॲडव्हान्स्ड ही परीक्षा असते. त्या वर्षी ती १८ मे रोजी झाली आणि २ जूनला निकाल लागला. १,८०,४२२ मुलांनी दोन्ही पेपर दिले, ५४,३७८ पात्र ठरली आणि देशातल्या सगळ्या आयआयटी मिळून जागा होत्या १८,१६०. म्हणजे पात्र झालेल्या तीन मुलांपैकी साधारण एकालाच जागा. पेढे वाटून झाले तरी दोघांना घरीच थांबायचे असते, आणि ते दोघे कोण हे निकालाच्या दिवशी कळत नाही. त्यानंतर जागावाटपाच्या फेऱ्या सुरू होतात. आयआयटी, एनआयटी आणि केंद्राच्या इतर काही संस्था यांचे वाटप एकत्रच होते. त्या वर्षी अशा सहा फेऱ्या होत्या. पहिली १४ जूनला आणि शेवटची १६ जुलैला. परीक्षेपासून मोजले तर जवळजवळ दोन महिने.

या मुलाला पहिल्या फेरीत एका एनआयटीत जागा मिळाली होती. जागा मिळाल्यावर तीन पर्याय असतात. 'फ्रीझ' म्हणजे हीच जागा कायम. 'स्लाइड' म्हणजे संस्था हीच, पण वरची शाखा मिळाली तर हवी. 'फ्लोट' म्हणजे हातची जागा धरून ठेवायची, पण पसंतीच्या यादीतली वरची कोणतीही जागा सुटली तर तिकडे जायचे. मुलाने, खरे म्हणजे वडिलांनी, फ्लोट निवडले होते. फ्लोट म्हणजे तरंगणे. सगळे घरच तरंगत होते.

आता पोटाकडे वळू. रिपोर्ट नॉर्मल आले की पालक विचारतात, "म्हणजे हा नाटक करतोय का?" नाही. दुखते ते खरेच दुखते. आपल्या भाषेने हे शरीरशास्त्र फार पूर्वीच ओळखलेले आहे. भीती वाटली की आपण म्हणतो, पोटात गोळा आला. तोंडचे पाणी पळाले. हातपाय गार पडले. छातीत धडकी भरली. अंगावर काटा आला. यातले एकही वाक्य नुसता अलंकार नाही. प्रत्येक वाक्य म्हणजे एक वैद्यकीय निरीक्षण आहे.

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. धोका जाणवला की मेंदू मज्जातंतूंमार्फत त्यांना निरोप देतो आणि ॲड्रेनॅलिन रक्तात उतरते. समोर वाघ आहे, पळा किंवा लढा, असा तो हुकूम असतो. हृदय जोरात चालू लागते, ती धडकी. कातडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून हातपाय गार. लाळ सुटणे कमी होते, म्हणून तोंडचे पाणी पळते. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, तो काटा. पळणाऱ्या माणसाला त्या वेळी भाकरी पचवायची नसते, म्हणून रक्त आतड्यांकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळवले जाते. जठराचे काम मंदावते, खाल्लेले तिथेच रेंगाळते, त्यातून जडपणा आणि मळमळ. मोठ्या आतड्याला मात्र उलटी घाई सुटते, त्यामुळे वारंवार शौचाला जावे लागते. परीक्षेच्या हॉलबाहेर संडासापुढे रांग का लागते याचे उत्तर हेच आहे. आतड्यांच्या भिंतीत मज्जापेशींचे स्वतंत्र जाळे असते आणि त्याचे मेंदूशी सतत बोलणे चालू असते. मेंदूची काळजी पोटाला कळते आणि पोटाची कुरबुर मेंदूला.

वाघ असता तर दहा मिनिटांत काय तो निकाल लागला असता. इथे वाघ दोन महिने दाराबाहेर बसून आहे. आत येत नाही, निघूनही जात नाही. ॲड्रेनॅलिनच्या जोडीला मग कॉर्टिसॉल हे दुसरे संप्रेरक दिवसेंदिवस चढे राहू लागते. झोप तुटते, चिडचिड वाढते, रक्तदाब चढतो. मधुमेह असेल त्याची साखर चढते.

यावर कोणी म्हणेल, जागा मिळणार नाही असे सरळ कळले तर जास्त त्रास होईल, त्यापेक्षा आशा बरी. मलाही पूर्वी तसेच वाटायचे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ४५ जणांना संगणकावर एक खेळ दिला. दगड उलटायचा, खाली साप निघाला तर हाताला विजेचा झटका. साप कुठे निघेल याचा अंदाज खेळता खेळता बांधायचा. घाम आणि डोळ्यांच्या बाहुल्या यांवरून ताण मोजला. झटका नक्की बसणार हे ठाऊक असलेल्यांपेक्षा, बसेल की नाही हे निम्मे-निम्मे असताना माणसे जास्त ताणाखाली होती. फिफ्टी-फिफ्टी हीच सर्वांत वाईट अवस्था.

म्हणूनच पहिल्या शंभरात आलेला मुलगा घोरत झोपतो आणि अपात्र ठरलेला चार दिवस रडून पाचव्या दिवशी क्रिकेट खेळायला जातो. मधल्या क्रमांकाचा मुलगा रात्री दोन वाजता मोबाईलवर मागच्या वर्षी कुठली शाखा कुठल्या क्रमांकाला बंद झाली याचे तक्ते बघत बसतो. जीव टांगणीला लागतो तो यालाच.

मी स्वतः यातून गेलो आहे. १९८४ साली बारावीच्या मार्कांवर मेडिकलची यादी लागायची. माझे नाव प्रतीक्षा यादीत होते. वडील रोज अकरा वाजता पोस्टमनची वाट पाहत ओट्यावर बसत आणि पोस्टमन लांबूनच मान हलवी. माझेही पोट बिघडले होते आणि मलाही जंताचेच औषध मिळाले होते, तेही तीनदा. पण आमच्या वेळी एक सोय होती. अकरा वाजता पोस्टमन येऊन गेला की दुसऱ्या दिवशीच्या अकरापर्यंत काही करण्यासारखे नसायचे. आजच्या मुलाच्या खिशात पोस्टमन चोवीस तास असतो. या मुलाला मी विचारले, दिवसातून किती वेळा बघतोस? त्याने मोजले नव्हते. आई म्हणाल्या, "जेवताना ताटाशेजारी तेच, संडासातही तेच."

एवढे झाल्यावर त्या दबक्या आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ह्यांचंपण बघा ना जरा."

वडील नको-नको म्हणत होते. मी पट्टा गुंडाळला. रक्तदाब १७०/१०४. पाच मिनिटे शांत बसवून पुन्हा घेतला, फारसा फरक नाही. त्यांना सहा वर्षांपासून गोळी चालू होती. विचारले तर म्हणाले, "या गडबडीत आठ-दहा दिवस राहिलीच." पहाटे तीनला जाग, मग चहा, तंबाखू, पुन्हा चहा. पोट बिघडलेल्या मुलाला घेऊन आलेला हा माणूस त्या दिवशी माझ्या दवाखान्यातला जास्त धोक्यातला पेशंट होता. प्रवेशाच्या दिवसांत आजारी पडते ते सगळे घर पडते, पण तपासायला आणतात फक्त मुलाला. वडिलांच्या गोळ्या, आजीचे इन्सुलिन, आईचे जेवण, या काळात सगळेच मागे पडते. या बाई तर मुलासाठी आठवड्यातून तीन उपास करत होत्या आणि त्यांचे हिमोग्लोबिन होते साडेआठ. श्रद्धेबद्दल मी काही बोलत नाही, पण साडेआठ हिमोग्लोबिनवर तीन उपास झेपत नाहीत हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

नंतर आईवडिलांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याशी बोललो. या वयाच्या मुलाशी पाच मिनिटे एकट्याने बोलल्याशिवाय डॉक्टरांनी त्याला सोडू नये, असे माझे मत आहे. झोप किती, मित्र कोण, घरी काय चालते, हे झाल्यावर मी सरळ विचारले, "जगूच नये असं कधी मनात येतं का?"

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मरावंसं नाही वाटत काका. पण सकाळी जाग आलीच नसती तर बरं, असं वाटतं. बाबांनी सगळ्यांना आयआयटीच सांगून ठेवलंय."

हा प्रश्न विचारायला पालक घाबरतात. आपण विचारले तर नसलेला विचार डोक्यात शिरेल असे त्यांना वाटते. तसे होत नाही. उलट, विचारल्याने मुलाला बोलायला वाट मिळते. त्याने काही ठरवले होते का, काही जवळ आणून ठेवले होते का, हेही मी विचारले. नव्हते. पण त्यांचे घर शेतीचे. फवारणीची औषधे गोठ्याशेजारच्या खोलीत उघडी पडलेली. त्याच दिवशी ती कुलपात गेली आणि किल्ली आईच्या कमरेला लागली. शेतकरी घरातल्या सर्वच वाचकांना माझे हे सांगणे आहे. घरात काळजी असो वा नसो, औषध कुलपातच हवे. वाईट विचाराचा झटका बहुधा थोड्या वेळाचा असतो. त्या वेळात हाताशी काही नसले तर माणूस वाचतो.

त्या मुलाला रोज रात्री आठला मला फोन करायला सांगितले. जिल्ह्याच्या ठिकाणच्या मानसोपचारतज्ज्ञांकडेही एकदा पाठवले. तज्ज्ञांकडे जाणे म्हणजे वेड लागणे, ही समजूत अजून गेलेली नाही. वडील आधी तयार नव्हते. "हाड मोडलं तर हाडाच्या डॉक्टरकडे नेलं असतं ना?" एवढेच मी विचारले. ज्यांना लांब जाणे जमत नाही त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा तिचा नंबर, फोन फुकट, मराठीत बोलता येते आणि रात्री-बेरात्रीही लावता येतो. मूल गप्प गप्प राहते, आवडीच्या गोष्टी टाकून देतो, आपल्या वस्तू मित्रांना वाटून टाकतो, "माझ्यामुळे तुम्हाला त्रास" असे बोलतो, यातले काही दिसले तर निकालाची वाट पाहू नका. त्याला एकटे ठेवू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

बाकी उपचार काय केले? पोटासाठी पाच दिवसांची साधी गोळी दिली. झोपेची गोळी दिली नाही. मेडिकलमधून शेजाऱ्याच्या चिठ्ठीवर झोपेच्या गोळ्या आणणाऱ्यांना पुन्हा एकदा सांगतो, त्यांची सवय लागते आणि फेऱ्या संपल्या तरी गोळी सुटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड येथील मानसशास्त्रज्ञ केट स्वीनी यांचा सगळा अभ्यास 'वाट पाहणे' याच विषयावर आहे. तिकडे वकिलीच्या परीक्षेचा निकाल लागायला सुमारे चार महिने लागतात. त्या काळात उमेदवारांची मनःस्थिती त्यांनी वेळोवेळी नोंदवली. काळजी दाबून ठेवणे, सगळे चांगलेच होईल असे घोकणे, किंवा वाईटाची तयारी ठेवणे, असे उपाय लोकांनी केले, पण त्यांनी वाट पाहण्याचा त्रास फारसा कमी झाला नाही. मला पटलेली गोष्ट पुढची आहे. जे वाट पाहताना काळजीत राहिले होते, त्यांनी वाईट बातमी जास्त नीट पचवली, आणि बातमी चांगली निघाली तेव्हा त्यांना आनंदही जास्त झाला. म्हणून "काळजी करू नकोस" हे वाक्य मी दवाखान्यात आता वापरत नाही. त्याने काळजी जात नाही, वर काळजी केल्याचा अपराध तेवढा वाढतो. काळजी कर, पण जेवून कर, असे मी त्या मुलाला सांगितले. तो पहिल्यांदा हसला.

त्याच अभ्यासमालेत असेही दिसले की वेळेचे भान हरपून जाईल अशा कामात जे गुंतले, त्यांचे दिवस बरे गेले. टीव्ही बघणे हे असे काम नव्हे, टीव्ही बघता बघता मन फेरीकडेच असते. हाताला आणि डोक्याला दोन्हीला लागणारे काम हवे, जरा अवघड, पण जमण्यासारखे. या मुलाला विहिरीवरची मोटर खोलून दुरुस्त करायची हौस होती. दोन वर्षे क्लासमुळे त्याने पक्कड हातात धरली नव्हती. मी वडिलांना सांगितले, मोटर बिघडली नसेल तर बिघडवा. त्यांच्याकडे खरेच एक जुनी मोटर पडून होती.

मोबाईलचे असे ठरले. फेरीचे बघायचे ते सकाळी दहाला एकदाच, आणि तेही मोठ्या बहिणीने. पैसे भरायची, कागद चढवायची, पर्याय निवडायची शेवटची तारीख आणि वेळ तिने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवायची. हे काम कोणीतरी एकानेच करावे. मुदत चुकली तर हातची जागाही जाते, आणि झोप न झालेल्या माणसाच्या हातून मुदत चुकते. रात्री साडेनऊनंतर मोबाईल स्वयंपाकघरात. दुपारी तीननंतर चहा बंद, कारण चहा-कॉफीतला उत्तेजक पदार्थ निम्मा उतरायलाच पाचेक तास लागतात. झोप लागो न लागो, उठायचे ते सहालाच. पहाटे मळमळते म्हणून उपाशी राहायचे नाही. थोडे पोहे, केळे, ताक-भात असे चार-चार घास दिवसातून पाच वेळा. छातीत धडधडले तर चार आकडे मोजून श्वास आत आणि सहा-सात मोजत सावकाश बाहेर, असे पाच मिनिटे. श्वास सोडणे लांबवले की हृदयाचा वेग उतरतो, हे कोणालाही मनगटावर बोट ठेवून पडताळता येईल.

पाहुण्यांचा प्रश्न उरला होता. "लागला का रे नंबर?" असे रस्त्यात दिवसातून दहा जण विचारत. विचारणाऱ्यांच्या मनात वाईट नसते, पण दहाव्या वेळी मुलगा घराबाहेर पडायचा बंद होतो. मी वडिलांना म्हटले, "तुम्ही सगळ्यांना आयआयटी सांगितलंत, आता तुम्हीच सगळ्यांना सांगा की एनआयटीत जागा मिळालेली आहे." ते जरा गप्प झाले. त्यांना वाटत होते की ती जागा सांगण्यासारखी नाही. मी म्हटले, "अहो, गावात कोणाला तेवढं तरी मिळालंय का?" हे बोलणे मुलाच्या देखत झाले हे बरे झाले.

एक गोष्ट मी सगळ्याच घरांना सांगतो. शेवटच्या फेरीचा दिवस आधी ठरवून ठेवा. कोण घरी असेल, कोण बघेल, आणि नाव नसेल तर पहिले वाक्य कोण काय बोलेल. पहिले वाक्य मुलाच्या फार दिवस लक्षात राहते.

सहाव्या फेरीत त्याला आयआयटी मिळाली नाही. १६ जुलैला रात्री आठला त्याचा फोन आला. म्हणाला, "काका, नाही झालं. बाबा म्हणाले, चल आधी जेवून घे." पुढचे आठ-दहा दिवस त्याचे वाईट गेले, दोनदा दवाखान्यातही येऊन बसला. पण पोट दुखले नाही. ऑगस्टमध्ये तो एनआयटीत गेला. वजनातले दोन किलो तोपर्यंत परत आले होते. आईंना लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि उपास एकावर आला आहे. वडील दर महिन्याला रक्तदाब दाखवायला येतात, शेवटचा १३६/८६ होता. तंबाखू मात्र अजून सुटलेली नाही, त्यावरून आमचे दर खेपेला भांडण होते.